मीर दस्त : शौर्यपदकांमागील सैनिक

वसाहतकालीन हिंदुस्थानातील सैनिकाची पदके म्हणजे त्याच्या सेवेचा संक्षिप्त इतिहासच असे. तो कोणत्या मोहिमांवर गेला, कोठे लढला आणि सरकारने त्याची किंमत काय केली, हे सारे त्यांवरून उलगडते. सुभेदार मीर दस्त (१८७४-१९४५) यांची कारकीर्द हे त्याचे बोलके उदाहरण होय.

मीर दस्त यांचा जन्म ३ डिसेंबर १८७४ रोजी वायव्य सरहद्दीवरील तिराह या डोंगराळ प्रदेशात झाला. ते आफ्रिदी पठाण होते. हा मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानच्या थेट अमलाखाली नव्हता, तरीही तेथील अनेक तरुण ब्रिटिशांच्या पलटणींत भरती होत. १८९४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, मीर दस्त सैन्यात दाखल झाले. त्यांची पलटण पुढे ५५वी कोक्स रायफल्स या नावाने ओळखली गेली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९७ मध्ये, ब्रिटिश फौजा आफ्रिदींविरुद्ध तिराहमध्ये शिरल्या. चाकरी एका बाजूला आणि जमात दुसऱ्या बाजूला, असा पेच या भागातील सैनिकांपुढे वारंवार उभा राहत असे.

१९०८ च्या मोहमंद मोहिमेतील शौर्याबद्दल मीर दस्त यांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला. ईस्ट इंडिया कंपनीने १८३७ मध्ये सुरू केलेल्या या सन्मानाचे तीन वर्ग होते आणि त्यासोबत वाढीव वेतन मिळे. हिंदी सैनिकाला रणांगणावरील पराक्रमासाठी मिळू शकणारा तो त्या काळचा सर्वोच्च सन्मान होता. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ मध्ये सुरू झाला असला, तरी हिंदी सैनिकांना तो खुला नव्हता. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज यांनी ही आडकाठी दूर केली. १९०९ मध्ये मीर दस्त जमादार झाले. जमादार, सुभेदार व सुभेदार-मेजर हे हिंदी अधिकारी कितीही अनुभवी असले, तरी त्यांचा दर्जा अगदी नवख्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्याही खालचा मानला जाई.

पहिल्या महायुद्धात मीर दस्त ५७व्या वाइल्ड्स रायफल्सबरोबर पश्चिम आघाडीवर गेले. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने विषारी क्लोरीन वायूचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, तेथील प्रतिहल्ल्यात लाहोर डिव्हिजन उतरली. मीर दस्त यांनी आपली तुकडी निर्धाराने पुढे नेली. पलटणीतील ब्रिटिश अधिकारी उरले नाहीत, तेव्हा विखुरलेल्या सैनिकांना त्यांनी एकत्र आणले आणि माघारीचा हुकूम येईपर्यंत त्यांचे नेतृत्व केले. भडिमार चालू असताना आठ ब्रिटिश व हिंदी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी हलवण्यासही त्यांनी मदत केली. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. खुदादाद खान, दरवानसिंग नेगी आणि गब्बरसिंग नेगी यांच्यानंतर हा बहुमान मिळवणारे ते हिंदी सैन्यातील चौथे सैनिक होत. एकवीस वर्षांच्या चाकरीनंतरही जमादारच असलेल्या या अधिकाऱ्याने पलटणीची सूत्रे सांभाळली, ती ब्रिटिश अधिकारी शिल्लक न राहिल्यावरच, ही बाब लक्षणीय आहे.

त्यांचे बंधू मीर मस्त हे ५८व्या व्हॉन्स रायफल्समध्ये होते. मार्च १९१५ मध्ये, म्हणजे ईप्रच्या जेमतेम दोन महिने आधी, ते काही आफ्रिदी सैनिकांसह जर्मनांना जाऊन मिळाले. जर्मन सम्राटाने त्यांना आयर्न क्रॉस बहाल केल्याची कथा पुढे बरीच पसरली. मात्र तिला खात्रीलायक पुरावा नाही.

जखमी मीर दस्त यांच्यावर इंग्लंडमधील ब्रायटन येथे उपचार झाले. हिंदी सैनिकांसाठी रॉयल पॅव्हेलियन या राजवाड्याचेच तेथे रुग्णालय करण्यात आले होते. त्याच परिसरात २५ ऑगस्ट १९१५ रोजी पंचम जॉर्ज यांनी त्यांना पदक प्रदान केले. जखमी होऊन बऱ्या झालेल्या हिंदी सैनिकांना पुन्हा खंदकांत धाडू नये, अशी विनंती मीर दस्त यांनी राजापुढे केल्याची नोंद त्या काळच्या सैनिकांच्या पत्रव्यवहारात आढळते. घरी धाडलेल्या पत्रात त्यांनी पदकाची थोरवी मान्य केली. पण वायूने आपल्याला निकामी केले, चैन पडू देत नाही, असेही लिहिले. लष्करी अधिकारी ही पत्रे तपासत व त्यांतील उतारे नोंदवून ठेवत. त्यामुळेच ही व्यथा आज आपल्याला कळते.

मीर दस्त यांना पुढे सुभेदारपदी बढती मिळाली आणि 'बहादूर' या किताबासह ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया हा सन्मानही लाभला. १९१७ मध्ये ते निवृत्त झाले. १९ जानेवारी १९४५ रोजी पेशावर परिसरात त्यांचे निधन झाले.

पदकांवरून मीर दस्त यांचे शौर्य कळते. राजापुढे केलेली ती विनंती आणि घरी धाडलेले ते पत्र यांवरून त्या शौर्याचे मोल कळते.