‘मिरास’ आणि ‘खत’

‘मिरास’ हा शब्द मूळचा अरबी, अर्थ वारसा. दख्खनच्या गावगाड्यात मिरासदाराचा जमिनीवरील हक्क वंशपरंपरागत असे. उपऱ्याचा केवळ कसण्यापुरता. इंग्रजी रयतवारीत दोघेही ‘खातेदार’ झाले आणि जमीन सावकाराचे तारण ठरली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, कर्ज सुलभ झाले. युद्ध संपताच भाव उतरले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उद्रेक झाला व तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. रयतेने ठिकठिकाणी सावकारांची खते हिसकावून जाळली. रोष मुख्यतः कागदावर होता, हे ध्यानात घेतले पाहिजे; कारण दूरच्या बाजारातील चढउतार कुणब्याच्या शेतापर्यंत पोहोचला तो या कागदाच्याच वाटेने. १८७९ च्या कायद्याने न्यायालयांस जुन्या हिशेबांची छाननी करता येऊ लागली. ‘मिरास’ हा शब्द भाषेत उरला. हक्क मात्र खतात गेला होता.