घर आणि चतुःसीमा

‘घर पाहावें बांधून’ ही म्हण आपल्या वाडवडिलांच्या तोंडीं होती. घर बांधतांना कसकशा अडचणी येतात, पैसा कसा हां हां म्हणतां सरतो, गवंडी-सुतारांकडे किती खेपा घालाव्या लागतात, हें सारें त्या तीन शब्दांत आलें. परंतु घर कोठें बांधावें आणि कोणाच्या शेजारीं बांधावें, याविषयीं ती म्हण एक अक्षर बोलत नाहीं. याचें कारण उघड आहे. ज्या काळीं ती रूढ झाली त्या काळीं हा प्रश्न फारसा कोणास पडतच नसे. आजोबांची जागा तीच नातवाची जागा. जुना शेजार कीं नवें घर, अशी निवड करण्याची पाळी सामान्य गृहस्थावर येणें ही मुळीं अलीकडची गोष्ट आहे.

हा विचार आम्हांस सुचला तो नारायणगांवीं. पुण्याहून सुमारें पाऊणशें किलोमीटरांवर, नाशिकच्या रस्त्यास लागून, मीना नदीच्या कांठीं वसलेलें हें जुन्नर तालुक्यांतलें गांव. धरणाकालव्यांचें पाणी आलें, द्राक्षें व टोमॅटो पिकूं लागले, बाजार वाढला आणि गांव जुन्या गांवठाणाबाहेर चोहोंकडे पसरलें. आमच्या स्नेह्यांचें एक कुटुंब तेथें तीन पिढ्या राहत आहे. घर गांवठाणांतलें, दगडी जोत्याचें, लांकडी तुळयांचें, एक भिंत शेजाऱ्याशीं सामाईक. पावसाळ्यांत माजघर गळतें, जिना अंधारा आहे, आणि मोटार उभी करावयाची तर ती दोन आळ्या पलीकडे. चिरंजिवांनीं गांवाबाहेर, बिनशेती झालेल्या जमिनीवर, एक नवें घर पाहून ठेविलें आहे. उजेड भरपूर, पाणी नळानें आंत, भिंती कोरड्या.

आम्ही गेलों तेव्हां घरांत हीच चर्चा चालू होती. आजी म्हणाल्या, ‘‘अरे, तें घर छान आहे, नाहीं कोण म्हणतें? पण रात्रींबेरात्रीं हांक मारली तर तिथें ओ कोण देईल?’’ त्यावर सूनबाई हळूच म्हणाल्या, ‘‘आई, इथें ओ देणारे पुष्कळ आहेत हें खरें, पण इथें मी दार लोटून घेतलें तरी आळीला कळतें.’’ आजोबा गप्प होते. मग आमच्याकडे वळून त्यांनीं विचारलें, ‘‘तुम्ही इतिहासाचे अभ्यासक, तुमचा इतिहास याला कांहीं सांगतो का?’’ त्या वेळीं आम्हांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढील विवेचन हें त्याच उत्तराचा उशिरानें केलेला प्रयत्न आहे.

आपल्या भाषेनेंच या प्रश्नाचा कांहीं निवाडा पूर्वीं करून ठेविला आहे. देशावर गांवाचे दोन भाग मानीत: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. परंतु ‘पांढरी’ या शब्दाचा अर्थ जमिनीपाशींच थांबला नाहीं. पांढरीवर राहणारा सारा समुदायहि पांढरीच. माती आणि माणसें यांस एकच शब्द पुरला. घर पडलें तर पुन्हां उभें करतां येई. पांढरी ओस पडली तर मात्र गांव गेलें असें समजत.

जुने कागद पाहिले तर हीच गोष्ट अधिक स्पष्ट होते. घराचें वा जागेचें खरेदीखत घ्या. त्यांत घराचें वर्णन असतें, पण घर ओळखण्याची खूण म्हणून जी लिहिलेली असते ती चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचें घर, दक्षिणेस तमक्याचा वाडा, पश्चिमेस बोळ, उत्तरेस देऊळ. म्हणजे आपलें घर कोणतें हें कागदावर सांगावयाचें तर आधीं शेजाऱ्यांचीं नांवें घ्यावीं लागतात. सातबारा, सिटी सर्व्हे आणि नकाशे आले तरी खरेदीखतांतली चतुःसीमा गेलेली नाहीं. मराठेशाहींत वतनाचा वा जागेचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोत बसे. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार आणि आसपासचे जाणते लोक साक्ष देत, महजर होई, आणि त्यावर पाटलाच्या नांगरासारख्या ज्याच्या त्याच्या निशाण्या उमटत. मालकी तिजोरींतल्या कागदानें जितकी सिद्ध होई तितकीच शेजाऱ्याच्या जिभेनें होई.

शिवाय जुन्या घरास शेजार केवळ मनासाठीं नव्हे, शरीरासाठींहि लागत असे. सामाईक भिंत दोघांनीं मिळून लिंपावयाची; एकाच्या पागोळ्या दुसऱ्याच्या अंगणांत पडावयाच्या, आणि त्यावरून भांडणहि व्हावयाचें. आग लागली तर घागरी शेजारच्या, बाळंतपण अडलें तर सुईणीस बोलावूं धांवणारा पोर शेजारचा. विमा, दवाखाना, बँक आणि पोलीसचौकी हीं जीं कामें पुढें वांटून घेणार होतीं, तीं सारीं तेव्हां एकटा शेजार करी. नवें घर परवडूं लागलें तें या संस्था उभ्या राहिल्यावर, हें आपण विसरतों.

एवढ्यावरून शेजाराचा पोवाडा गाऊन थांबणें सोपें होतें. पण तसें करणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या चतुःसीमेचें आम्ही कौतुक केलें तिच्या आंत कोण होतें आणि बाहेर कोण, हें विचारल्यावांचून तिची किंमत ठरत नाहीं. गांवकुसाबाहेर ज्यांस राहावें लागे त्यांच्या लेखीं ‘चांगला शेजार’ ही मिळण्याजोगी वस्तुच नव्हती. सन १९१७ मध्यें डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशांत शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां त्या शहरांत त्यांस राहावयास जागा मिळेना. पारशी असल्याचें भासवून ते एका पारशी धर्मशाळेंत उतरले. ओळख फुटतांच लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांस बाहेर पडावें लागलें. मित्रांनींहि आसरा दिला नाहीं. एका बागेंत बसून त्यांनीं वेळ काढला व ते मुंबईस परतले. येथें घर जुनें कीं नवें हा प्रश्नच नव्हता. शेजारानें दार लावलें होतें. मुंबईंत त्यांचा संसार कित्येक वर्षें परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींतील लहानशा खोल्यांत झाला, आणि पुढें १९३४ च्या सुमारास ते दादरच्या हिंदु कॉलनींत स्वतः बांधलेल्या ‘राजगृहां’त राहावयास गेले. पुस्तकांसाठीं ऐसपैस जागा हें त्या घराचें एक प्रयोजन होतें. पण जुन्या गांवांत ज्यास कूस ओलांडूं दिलें नसतें, त्यानें एका नव्या वस्तींत आपल्या नांवानें चतुःसीमा आंखली, हा त्याचा अर्थ आम्हांस अधिक मोठा वाटतो. नव्या घराचें एक माहात्म्य हें आहे कीं, नवी वस्ती पुष्कळदां जुन्या वस्तीहून कमी प्रश्न विचारते. सूनबाईंचें म्हणणें आम्हांस येथें आठवलें. दोहोंची तुलना होऊं शकत नाहीं हें खरें; तथापि जो शेजार वडीलधाऱ्यांस आधार वाटतो तोच घरांतल्या तरुण स्त्रीस पहारा वाटूं शकतो, हें तिनें एका वाक्यांत सांगितलें होतें.

मध्यम वर्गावर ही निवड प्रथम आणली ती प्लेगनें. १८९६ मध्यें मुंबईंत आणि लौकरच पुण्यांत सांथ पसरली. माणसें घरें सोडून रानांत झोंपड्या घालून राहिलीं, आणि दाट वस्ती हीच जिवावर बेतते हें लोकांस प्रथमच उमगलें. १८९८ मध्यें मुंबईंत इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढें दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या, झाडांच्या, मोकळ्या हवेच्या वसाहती आंखल्या गेल्या. गिरगांवच्या चाळींतलें बिऱ्हाड तिकडे नेणें म्हणजे उजेड-वारा मिळविणें. पण ज्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणपति बसत होते, जेथें एकाच्या घरचा पाहुणा साऱ्या मजल्याचा पाहुणा होई, तो शेजार मागें टाकणें.

कांहीं लोकांनीं या पेचांतून एक वाट काढली. १९१५ मध्यें मुंबईंत गांवदेवीस सारस्वत मंडळींची सहकारी गृहसंस्था उभी राहिली. आधीं शेजारी एकत्र आले, मग त्यांनीं घरें केलीं. शेजार कीं घर, या प्रश्नास ‘शेजारासकट घर’ असें हें उत्तर होतें. त्यांत ज्ञातीचें कुंपण होतें, हा त्या उत्तरांतला दोष; पण शेजार हा नशिबानें मिळावयाचा नसून मिळून घडवावयाचा असतो, हा त्यांतला गुण घेण्यासारखा आहे.

कधीं कधीं मात्र निवड माणसाच्या हातीं राहतच नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यापाठोपाठ खडकवासल्याचेंहि फुटलें, आणि पुण्यांतल्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. वाडे पडले; वाड्यांबरोबर चौकांतलीं बिऱ्हाडें उधळलीं. पूरग्रस्तांस पुढें गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहतींतून जागा मिळाल्या. ज्यांची आयुष्यें एका चौकाभोंवतीं गेलीं ते गांवाच्या निरनिराळ्या टोकांस जाऊन पडले. घर गेलें याचें दुःख सरकारदरबारीं मांडतां आलें. शेजार गेला याचा पंचनामा कोणी केला नाहीं.

त्याहून दारुण उदाहरण नारायणगांवच्या शेजारच्याच आंबेगांव तालुक्यांतलें आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं, मुसळधार पावसांत, माळीण गांवावर डोंगर कोसळला आणि दीडशेंहून अधिक माणसें गाडलीं गेलीं. त्या गांवांत शेजार होता, पिढ्यानपिढ्यांचा होता. त्याच्या बळकटीविषयीं शंका घेण्याचें कारण नव्हतें. पायाखालची आणि माथ्यावरची भूमि मात्र दगा देणारी निघाली. उरलेल्यांनीं पत्र्याच्या तात्पुरत्या घरांत दिवस काढले, आणि २०१७ च्या एप्रिलांत जवळच्याच आमडे येथें वसविलेलें नवें माळीण त्यांच्या स्वाधीन झालें. उरलेल्यांस एकत्र वसविलें, हें त्या पुनर्वसनांतलें शहाणपण होय. पण माळीण आपणांस एक कठोर गोष्ट शिकवून गेलें: शेजाराच्याहि आधीं जमीन पाहावी.

आतां पुन्हां नारायणगांवांत येऊं. कारण या गांवानें शेजाराचा आणखी एक प्रकार महाराष्ट्रास दाखविला आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर यांच्या नांवानें हें गांव तमाशाचें गांव म्हणून सर्वत्र ठाऊक आहे. यात्रांचा हंगाम जवळ आला कीं येथें रस्त्याच्या कडेस फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवोगांवचे पंच सुपारी देण्यास येतात. मग फड बाहेर पडतो. आज एका गांवीं, उद्यां दुसऱ्या गांवीं. कनाती, पेट्या, भांडीं सारें गाड्यांवर. फडांतल्या माणसांस महिनोन्महिने घर नसतें, पण शेजार असतो. चूल शेजारीं, आजार शेजारीं, तान्हें मूल कोणाच्या तरी मांडीवर. ज्या समाजानें या कलावंतांस टाळ्या दिल्या पण पुष्कळदां शेजार दिला नाहीं, त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनीं चाकांवरचा शेजार उभा केला. घरावांचून शेजार टिकतो तो असा. उलट, शेजारावांचून घराचें काय होतें, हें मोठ्या शहरांतल्या बंद दारांच्या इमारती आपणांस रोज दाखवीत आहेत.

तेव्हां इतिहास जो क्रम सांगतो तो आमच्या मतें असा आहे: आधीं भूमि, मग शेजार, आणि सर्वांच्या शेवटीं घर. भूमि बदलतां येत नाहीं. शेजार घडावयास एक पिढी लागते. घर मात्र पैशानें आणि गवंड्यानें दुरुस्त होतें. गळकें माजघर, अंधारा जिना, जुन्या मोऱ्या या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांवर उपाय आहे. केवळ भिंती नव्या आहेत म्हणून गांव सोडणें म्हणजे स्वस्त वस्तूसाठीं महाग वस्तु देणें होय. मात्र शेजार म्हणजे शेजाऱ्यांची प्रतिष्ठा नव्हे, आणि शेजाराची आठवण म्हणजेहि शेजार नव्हे. आज, या वर्षीं, आपल्या चार दिशांस कोण आहे आणि घरांतल्या प्रत्येकास, सुनेसहि, तेथें मोकळा श्वास घेतां येतो कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

निघतांना आम्ही आजोबांस जुनें खरेदीखत काढावयास सांगितलें होतें. त्यांनीं पेटी उघडली. मोडी अक्षरांत चतुःसीमा लिहिलेली होती. पूर्वेचें घर आतां कुलूपबंद आहे. मुलें पुण्यास आहेत. दक्षिणेच्या घराचें गोदाम झालें आहे. पश्चिमेस अजून भरलें घर आहे, आणि उत्तरेस बोळापलीकडे आजींची मैत्रीण राहते. आजोबा बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. आपण ज्या शेजारासाठीं भांडतों आहोंत तो अर्धा केव्हांच गेला, हें त्या घरांत त्या दिवशीं प्रथम कोणी तरी मोठ्यानें म्हटलें.

आमचा सल्ला आम्ही पत्रानें कळविला आहे. उरलेलीं दोन घरें राहणार असतील तर जुन्या घराचें छप्पर नवें करावें, जिन्यावर उजेड आणावा आणि सूनबाईंच्या बंद दाराचा मान आजींनींच आळीस शिकवावा. तीं दोन घरेंहि जाणार असतील तर गांवाबाहेर अवश्य जावें. पण एकट्यानें जाऊं नये. नव्या घराशेजारचे प्लॉट अजून मोकळे आहेत. पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या मंडळींस आधीं विचारावें, आणि कोणाची जात न विचारतां आणखी दोन बिऱ्हाडें जोडावीं. नव्या खरेदीखतांत चार दिशांस ‘मोकळी जागा’ असें लिहिलें जाण्यापेक्षां चार नांवें लिहिलीं जावींत. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. परंतु आजी उत्तरेच्या घरीं जाऊन बोलून आल्या, एवढें आम्हांस समजलें आहे.