यंत्राचें मागील दार

बारामती-इंदापूरच्या भागांत ज्याचें बालपण गेलें, त्यास एकोणिसाव्या शतकांत खणलेल्या नीरा डाव्या कालव्याची व्यवस्था समजावून सांगावी लागत नाहीं. कालवा एक, चाऱ्या अनेक. ज्याची पाळी असेल त्याचेंच दार उघडावयाचें; दोन दारें एकदम उघडलीं कीं तंटा ठरलेला. घरगुती संगणकाच्या पाठीमागील खाचेचें रहस्य मला पुढें याच न्यायानें उलगडलें.

हा संगणक म्हणजे स्पेक्ट्रम. इंग्लंडांत सिंक्लेअर कंपनीनें तो 1982 सालीं बाजारांत आणिला. 'स्पेक्ट्रम प्लस' ही त्याची सुधारलेली आवृत्ति 1984 सालची. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनें पुढें परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नांवानें तो येथें विकावयास आरंभ केला. 1990 च्या सुमारास बाजार ओसरेपर्यंत त्याचे कांहीं हजार नग खपले. घरचा टीव्ही हा त्याचा पडदा आणि कॅसेट ही त्याची पोथी.

यंत्राच्या पाठीस एक आडवी फट असे व तींतून आंतील पट्टीची कड दिसे. वरखालीं 28 जागा. पैकीं एक जोडी खाचेसाठीं कापलेली, म्हणजे संपर्क 54. जोडणी वांकडी बसूं नये म्हणून ती खाच. झेड-80 या प्रोसेसरच्या तारा येथें बाहेर येत: पत्त्याच्या 16, मजकुराच्या 8, शिवाय 'वाच', 'लिही' अशा आज्ञांच्या. सोळा तारांनीं 65,536 पत्ते सांगतां येतात. 48 के यंत्रांत पहिले 16,384 कायम स्मृतीस आणि उरलेले सारे बदलत्या स्मृतीस दिलेले; मोकळी जागा एकही नाहीं. मग बाहेरून लाविलेल्या कार्ट्रिजनें उत्तर द्यावें तरी कोणत्या पत्त्यावर?

तोड साधी होती. कायम स्मृतीस बोलावणारी तारही त्या कडेवर आणून ठेविली होती. कार्ट्रिज ती तार 5 व्होल्टांवर धरून ठेवी. मध्यें रोधक असल्यामुळें आंतील भागांस इजा न होतां कायम स्मृति गप्प बसे, आणि त्याच 16,384 पत्त्यांवर कार्ट्रिज बोलूं लागे. पाटकऱ्यानें एक दार पाडून दुसरें उचलावें, तसें हें. यंत्र चालू करतांच खेळ पडद्यावर येई. कॅसेट भरण्याचीं कांहीं मिनिटें वाचत.

सिंक्लेअरनें 1983 मध्यें यासाठीं 'इंटरफेस टू' ही जोडणी काढिली. परंतु तिच्यासाठीं अवघे 10 खेळ निघाले. कॅसेटहून कार्ट्रिज महाग, आणि तींत मावणारा मजकूर थोडा; ग्राहकानें वाट पाहाणेंच पत्करलें. तें दार मात्र फुकट गेलें नाहीं. खेळाचे दांडे, छपाईयंत्रें, हौशी लोकांनीं घरीं जुळविलेल्या पट्ट्या, सर्व तेथूनच आंत शिरल्या.

विद्यार्थिदशेंत बारामतीस ओळखीच्या एका शिक्षकांच्या घरीं मीं हें यंत्र प्रथम हाताळलें. वीज चालू असतांनाच मीं मागील जोडणी ओढून काढली. यंत्र बंद पडलें तें पुन्हा उठलें नाहीं. ते एक अक्षरही बोलले नाहींत; त्यांच्या मुलाचा चेहरा मात्र मला अजून आठवतो. खुल्या दारांतून ज्ञान येतें, तसा अपघातही येतो. आजचीं यंत्रें या भयानें, आणि व्यापाराच्याही हिशेबानें, दारें लिंपून घेतात. त्यायोगें माझ्यासारख्याच्या हातून होणारी हानि टळते हें खरें. पण पाळीचे नियम शिकण्याची संधिही त्याबरोबर जाते, याचें मला अधिक वाईट वाटतें.