किल्लीतला काळा मणी
१९८६ साली जनरल मोटर्सने आपल्या कॉर्व्हेट या मोटारीच्या किल्लीत एक काळा मणी बसवला. दागिन्यासारखा दिसणारा तो मणी म्हणजे विजेचा रेझिस्टर होता. त्याची मूल्ये अवघी पंधरा. किल्ली लावताच कुलपातल्या पट्ट्या मण्याला टेकत आणि गाडीतला नियंत्रक त्याचा रोध मोजी. मोजमाप चुकले, की स्टार्टर आणि इंधन दोन्ही बंद, आणि काही मिनिटे थांबल्याविना पुन्हा प्रयत्नही नाही.

योजना चोरासाठी होती, पण पुढे अडकू लागला तो मालकच. किल्ली अस्सल, बॅटरी भरलेली, तरी गाडी मुकी. समोर ‘सिक्युरिटी’चा दिवा. दोष अनेकदा मण्यात नसे, नियंत्रकातही नसे. कुलपापासून स्टिअरिंगच्या खांबातून खाली उतरणाऱ्या दोन बारीक तारा किल्लीबरोबर पिळल्या जात, आणि वर्षानुवर्षांच्या पिळांनी एखादी तुटे. जाणता मेकॅनिक आधी मण्याचा रोध मोजी. मग किल्ली कुलपात ठेवून डॅशबोर्डखालच्या जोडावर तोच आकडा येतो का, ते पाही. तिथे आकडा हरवला, की तारेवर बोट ठेवता येई. इतकी साधी परीक्षा! ती टाळून थेट नियंत्रक बदलणाऱ्याचे पैसे मात्र पाण्यात जात.

युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला, तोवर मण्याची जागा रेडिओ-चिप घेऊ लागली होती. आता कुलपाभोवतीचे तारेचे वेटोळे चिपशी स्पर्शाविना बोलते. संवाद तुटला, की काही गाड्या सुरू होऊन क्षणात बंद पडतात. तेव्हा पहिली कसोटी दुसऱ्या किल्लीची: तिने गाडी चालली तर दोष पहिल्या किल्लीत, दोन्ही नाकारल्या गेल्या, तर संशय आधी वेटोळ्यावर आणि त्याच्या जोडांवर.