पडद्यामागचा हात

श्रोतेहो, शहापूर-मुरबाडच्या डोंगरातील ठाकरवाड्या आपणांस परक्या नाहीत. ठाकर याच नावाची एक जमात दक्षिण कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी राहते. चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ तिने पिढ्यान्‌पिढ्या चालविला. मागे दिवा, पुढे पांढरा पडदा, मध्ये कातड्याची बाहुली आणि मुखी रामकथा, एवढाच त्याचा सरंजाम.

सावंतवाडी संस्थानाच्या काळी गावोगावच्या देवळांतील खेळ ठरावीक कुटुंबांकडे नेमून दिलेले असत. विद्वान त्यास राजाश्रय म्हणतात. आम्ही चळवळीतली माणसे त्यास बांधलेले काम म्हणू. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढे सिनेमा आला, दूरदर्शन आले, प्रेक्षक पांगला. काम सुटले की कसब सुटते, हे गिरणीत खरे आणि देवळाच्या सभामंडपातही खरे. अशा काळात परशुराम गंगावणे यांनी २००६ साली गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता डिजिटल साधने हाताशी आहेत. जीर्ण बाहुलीची हुबेहूब प्रतिमा घेता येते, तिच्या हव्या तितक्या प्रती करता येतात. हा मोठाच लाभ होय. परंतु प्रतिमा म्हणजे खेळ नव्हे. बाहुली पडद्यास टेकली की सावली रेखीव उमटते. दिव्याकडे सरकली की मोठी व फिकी होते. हे सारे हाताचे काम आहे. म्हणून एक कॅमेरा पडद्यापुढे, तर दुसरा पडद्यामागे, त्या हातावर रोखलेला हवा.

आणि तो हात कोणाचा, हेही नोंदले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन प्रयोग करणाराचा हक्क मान्य झाला. त्याच्या व्याख्येत नट-गायकांच्या पंक्तीला डोंबारी आणि गारुडीही बसविले आहेत. हा हक्क ५० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रणाच्या व्यापारी वापरावर मानधनाचा हक्कही दिला. कायदा कागदावर आहे. तो मागावा मात्र लागतो.

उद्या आपल्या वाड्यांवर कोणी गाणी वा नाच टिपावयास आला, तर त्याचे स्वागत करा, पण तीन गोष्टी आधी ठरवून घ्या: कलावंताची संमती, त्या दिवसाची मजुरी आणि चित्रणाची एक प्रत गावात. शहरातल्या कपाटात सावली सुरक्षित राहील. खेळ जगायचा तर खेळणाऱ्याची चूल पेटती राहिली पाहिजे.