दाबाचा हिशेब आणि भीमाकाठचा मुलूख

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मंद्रूप आणि त्याच्या आसमंतातील भीमा-सीनेच्या काठचा मुलूख यांना परिमाणे पालटण्याचा सराव यंत्रयुगाच्या फार पूर्वीपासून आहे. याच परिसरात, या दोन नद्यांच्या संगमावरील हत्तरसंग-कुडल येथे जो प्राचीन मराठी शिलालेख आहे, त्यावरील शके ९४० मध्ये ७८ मिळवले म्हणजे इसवी सन १०१८ हाती येतो. उलट, इंग्रजी अंमलातील जमाबंदीने बिघ्यांच्या जागी एकर आणि गुंठे आणले, तेव्हा कुलकर्ण्याच्या दफ्तरात बेरीज निरुपयोगी ठरून गुणाकाराची गरज पडली. आरंभबिंदू बदलला तर बेरीज आणि माप बदलले तर गुणाकार, हा भेद विसाव्या शतकात इंजिनाच्या दाबमोजणीत नव्याने उपस्थित झाला.

रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये कल्पिलेले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे सिद्ध केलेले यंत्र ठिणगीवाचून, केवळ संपीडित हवेच्या उष्णतेने इंधन पेटवीत असल्यामुळे, दाब हाच त्याचा प्राण होय. पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि विहिरीवरील मोटेची जागा हळूहळू इंजिनाने घेतली. रस्त्यावर मात्र दोन परंपरा शेजारी शेजारी धावू लागल्या : टाटांच्या मालमोटारी १९५४ पासून जर्मन सहकार्याने, तर अशोक लेलँडच्या १९५५ पासून ब्रिटिश सहकार्याने. जर्मन ग्रंथ दाब चौरस सेंटिमीटरवरील किलोग्रॅममध्ये सांगत, ब्रिटिश ग्रंथ चौरस इंचावरील पौंडांत. आणि १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती मान्य केल्यावरही मिस्त्रीच्या हातातील जुनी उपकरणे काही एका रात्रीत बदलली नाहीत. चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम म्हणजे चौरस इंचाला १४.२२ पौंड, एक बार म्हणजे चौरस इंचाला १४.५ पौंड, एवढा गुणाकार पाठ असला की हा पेच सुटे.

बेरजेचा पेच अधिक सूक्ष्म आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या टर्बोचार्जरच्या तत्त्वानुसार इंजिनात हवा दाबून भरली जाते. परंतु सामान्य दाबमापकाचे शून्य हे निर्वात नसून भोवतालच्या वातावरणाचा दाब असते. समुद्रसपाटीला तो १४.७ पौंड, तर सुमारे ४५० मीटर उंचीवरील सोलापूरच्या पठारावर अदमासे १३.९ पौंड. काटा दहा पौंडांचा बूस्ट दाखवीत असेल, तर येथे प्रत्यक्ष दाब २३.९ पौंड व वातावरणाशी त्याचे गुणोत्तर १.७२ येते, किनाऱ्यावर मात्र २४.७ पौंड व १.६८; म्हणजे काटा तोच असूनही इंजिनाच्या वाट्याला येणारी हवा निराळी.

कॉम्प्रेशनच्या बाबतीत केवळ गुणाकारही फसवा ठरतो. सतरास एक गुणोत्तराच्या इंजिनात १३.९ ला सतराने गुणले की २३६ पौंड येतात. परंतु दाबली जाणारी हवा तापते, आणि ती उष्णता मुळीच बाहेर न गेल्यास दाब जवळजवळ त्रेपन्नपट, म्हणजे सातशे पौंडांच्या वर जावयास हवा. प्रत्यक्षात काही उष्णता सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात, झडप उशिरा मिटते, रिंगांवाटे गळती होते आणि हँडलने वा स्टार्टरने फिरणारे इंजिन मंद असते. म्हणून काट्यावरील आकडा या दोहोंच्या मधे कोठेतरी येतो. त्यावरून गुणोत्तर काढण्यापेक्षा तो कारखान्याने दिलेल्या आकड्याशी आणि शेजारच्या सिलिंडरांशी ताडून पाहणे हेच शहाण्या फिटरचे काम.

टायरमधील हवा आजही सर्रास पौंडांतच मागितली जाते, कारण तेथे मागणारा आणि भरणारा दोघेही एकाच शून्यापासून मोजतात आणि बेरजेचा प्रसंगच येत नाही. टर्बोच्या हिशेबात ही सोय नाही. तेथे आधी स्थानिक वातावरण मिळवावे, मग भागाकार करावा, आणि एकक पालटण्याचा गुणाकार भागाकारापूर्वी, दोन्ही दाबांना सारखाच, कोठेही केला तरी चालेल.