यकृताचा कर्करोग : उपचारांना आयुर्वेदाची जोड (बुऱ्हाणपूर परिसर)

यकृताच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा कर्करोगविरोधी औषधे सुरू असताना भूक, पचन, झोप आणि बळ टिकावे म्हणून आयुर्वेदातील आहार, दिनचर्या व निवडक औषधे यांचा घेतला जाणारा आधार. ही जोड मूळ उपचारांना पूरक असते, पर्याय नव्हे. आयुर्वेदीय औषधाने यकृतातली कर्करोगाची गाठ बरी होते, हे माणसांवरील भरवशाच्या चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. शिवाय पोटात गेलेले बहुतेक प्रत्येक औषध, मग ती गोळी असो की काढा, याच आजारी अवयवातून जाते. म्हणून अन्य कोणत्याही कर्करोगापेक्षा येथे अधिक सावधपणा लागतो.

परिसर : तापीकाठचे बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असले, तरी जळगाव, बुलढाणा व अमरावती जिल्ह्यांना लागून असल्याने येथील मराठी कुटुंबांचे व्यवहार खानदेश-वऱ्हाडाशी जुळलेले आहेत. १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा झाला. शहरात पंडित शिवनाथ शास्त्री शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व रुग्णालय आहे. कर्करोगाच्या मोठ्या उपचारांसाठी इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, तसेच थेट रेल्वेने गाठता येणारे मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) हे मार्ग आहेत. वैद्य घराजवळ आणि कर्करोगतज्ज्ञ दूर, अशा ठिकाणी दोघांमधला निरोप पोचवण्याचे काम रुग्णाच्या घरच्यांवरच येऊन पडते.

कारणे : ‘ब’ व ‘क’ प्रकारचा विषाणुजन्य यकृतदाह, दारू, आणि मधुमेह व लठ्ठपणासोबत येणारे चरबीयुक्त यकृत ही प्रमुख कारणे. यांतून यकृत हळूहळू घट्ट व गाठाळ होते (सिरोसिस) आणि बहुधा त्याच यकृतात पुढे कर्करोग उद्भवतो. दमट जागी साठवलेल्या मक्यावर व भुईमुगावर वाढणाऱ्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विषही यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध कारण आहे. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थान सीमेवरील आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृतदाहाची साथ आली. ३९७ जण आजारी पडले आणि १०६ दगावले. ती कर्करोगाची साथ नव्हती, पण हे विष यकृताला काय करते ते तिने दाखवले. बुऱ्हाणपूर ज्यात येते त्या, मका पिकवणाऱ्या निमाडात धान्य कोरडे साठवणे हा प्रतिबंधाचाच भाग आहे. ‘ब’ यकृतदाहाची लस २०११ पासून देशभरातील बाललसीकरणात आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ‘ब’ व ‘क’ या दोन्हींची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.

निदान व उपचार : सुरुवातीला हा रोग मुका असतो. म्हणून सिरोसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, शक्य तर रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनही तपासावे. गाठ लहान असताना ती कापून काढणे, उष्णतेने जाळणे किंवा यकृत प्रत्यारोपण यांनी रोग बरा होऊ शकतो. १९९६ च्या मिलान निकषांनुसार ५ सेंमीपर्यंतची एक गाठ, किंवा प्रत्येकी ३ सेंमीपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी असल्यास प्रत्यारोपणाचा विचार होतो. रोग पुढे गेल्यावर धमनीतून थेट गाठीपर्यंत औषध सोडणे, सोराफेनिब किंवा लेन्व्हॅटिनिबच्या गोळ्या आणि प्रतिकारशक्तीवर आधारित औषधे वापरतात. बरे होण्याची वेळ थोडीच असते. कावीळ ‘उतरवून’ घेण्यात किंवा नाकात देवडांगरी या वनस्पतीचे थेंब घालण्यात ती गेली, तर पुढे कोणालाच ती परत देता येत नाही.

आयुर्वेदीय विचार : यकृत व प्लीहा ही रक्तवह स्रोतसांची मुळे आणि रंजक पित्ताची स्थाने मानली आहेत. काविळीचे वर्णन कामला व कुंभकामला या नावांनी, पोटात पाणी होण्याचे जलोदर या नावाने, तर गाठीचे अर्बुद या नावाने येते. ही वर्णने आजच्या कर्करोगाशी तंतोतंत जुळत नाहीत, त्यामुळे त्यांवरून सोनोग्राफीशिवाय निदान करू नये.

औषधांचा पुरावा : मुंबईत तीव्र विषाणुजन्य यकृतदाहाच्या रुग्णांवर आरोग्यवर्धिनी (१९८०) व कुटकी (१९९६) यांच्या तुलनात्मक चाचण्या झाल्या आणि निष्कर्ष आशादायक होते, पण तो आजार वेगळा. भुईआवळ्याने ‘ब’ विषाणूच्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाल्याचे मद्रासच्या अभ्यासाने १९८८ मध्ये मांडले, मात्र नंतरच्या अभ्यासांत तसे यश दिसले नाही. गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाने या नोंदीला आक्षेप घेतला आणि वनस्पतीच्या ओळखीचा प्रश्न उपस्थित केला. वाद काहीही असो, आधीच दुबळ्या यकृताच्या रुग्णाने गुळवेल स्वतःच्या मनाने घेऊ नये.

विशेष धोके : कुमारीआसव, रोहितकारिष्ट यांसारखी औषधे यकृतासाठी नावाजलेली असली, तरी आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेला मद्यार्क असतो. आरोग्यवर्धिनीत पारा-गंधकाची कज्जली व ताम्रभस्म असते. मिरी-पिंपळीतील पायपरीन यकृतातील विकरांना अडवते, त्यामुळे कर्करोगाच्या गोळ्यांचे रक्तातील प्रमाण बदलू शकते. अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या रुग्णास रक्तस्रावाची भीती असते. अशा वेळी वमन (औषधाने ओकारी करवणे) घातक ठरू शकते. जोरकस विरेचनाने (जुलाबाने) शरीरातील पाणी व क्षार घटून ग्लानी किंवा बेशुद्धी येऊ शकते.

आहार : आयुर्वेदाची सर्वांत उपयोगी साथ इथेच मिळते, कारण पथ्य आणि अग्नी यांचा तो बारकाईने विचार करतो. मात्र काविळीत नुसता उसाचा रस व फुटाणे देण्याची घरगुती रीत या रोगात अपायकारक आहे. स्नायू झिजू नयेत म्हणून वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात; ६० किलोच्या रुग्णास ७२ ते ९० ग्रॅम. मुगाचे वरण, दही, पनीर, चालत असल्यास अंडी थोडी थोडी व वारंवार द्यावीत, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खायला द्यावे, म्हणजे रात्रभर उपास घडत नाही. पोटात पाणी असेल तर मीठ कमी करावे. सैंधवही मीठच आहे. पाणी उतरवणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनने रक्तातील पोटॅशियम वाढते, त्यामुळे केळीच्या या मुलखात केळी किती खावीत हेही डॉक्टरांना विचारावे.

एकत्र उपचारांची रीत : पुण्याजवळ वाघोली येथे भारतीय संस्कृती दर्शन ट्रस्टचे केंद्र आयुर्वेद व आधुनिक कर्करोगोपचार एकत्र आणण्याचे काम करते. बुऱ्हाणपूरच्या रुग्णाला घरूनही एकत्र उपचारांची शिस्त पाळता येते. दोन्हीकडचे कागद एकाच फाइलीत ठेवावेत, प्रत्येक काढा-भस्माचे नाव कर्करोगतज्ज्ञास सांगावे, त्यांच्या संमतीनेच एका वेळी एकच नवे औषध सुरू करावे, यकृताच्या रक्तचाचण्या ठरल्या वेळी कराव्यात आणि शस्त्रक्रियेपूर्वी काय थांबवायचे ते विचारावे. आयुष्मान भारत योजनेच्या पात्र कुटुंबांस वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचार मिळतात, त्यामुळे पैशाअभावी केवळ जडीबुटीवर विसंबण्याचे कारण उरू नये. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधाची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. जो वैद्य डॉक्टरांची गोळी बंद करायला सांगतो त्याच्यापासून दूर राहावे. जो आधी फाइल मागून वाचतो, त्याची साथ घ्यावी.